काही नाही लागलं

घोडीवरून पडल्यावर मी सगळ्यात आधी हसले. मग म्हणाले, "काही नाही, काही नाही." तेही कुणी विचारायच्या आत. डावं मनगट भलतीकडंच वळलेलं, कानाच्या वर ठणका, दाताखाली माळेगावची माती कचकचतेय, आणि मी बावन्न वर्षांची बाई, सत्तावीस वर्षं शाळेत पोरांना उठबस करायला लावलेली, भर यात्रेत ओढणी झटकत उभी राहून सगळ्यांना सांगतेय की काही नाही लागलं. भाऊ धावत आला, वहिनी "माय माय माय" करत आली, खेळण्यांच्या दुकानातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. घोडीवाला तेवढा माझ्याकडं आला नाही. तो घोडीकडं गेला.

त्याचा मला राग आला होता, आणि तो राग पुढं बरेच दिवस प्लास्टरच्या आत खाज सुटावी तसा राहिला. माणूस पडलंय आणि हा गडी उकिडवा बसून घोडीचा पुढचा पाय दोन्ही तळव्यांत धरतो, गुडघ्यापासून खाली खुरापर्यंत हात सावकाश उतरवत नेतो, परत वर, परत खाली. मग दुसरा पाय. मग मागचे. खूर उचलून नालेत खडा अडकलाय का ते बघितलं. नंतर लगाम धरून तिला मातीतून बाहेर डांबरी तुकड्यावर नेलं, दहा पावलं तिकडं, दहा पावलं इकडं, आणि चालवताना तो तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. मान खाली घालून नुसता ऐकत होता. हलगी, पिपाण्या, "येळकोट येळकोट जय मल्हार", आकाशपाळण्याचं इंजिन, या सगळ्या गदारोळात हा माणूस चार टापांचा आवाज वेगळा काढून ऐकत होता. समाधान झाल्यावर तो माझ्याकडं आला, कानाच्या वर बघितलं, आणि एकच बोलला.

"ताई, उभं कामून राहिलाव? बसा खाली."

माळेगावची यात्रा नांदेड-लातूरकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. मार्गशीर्षातली थंडी, खंडोबाची देवस्वारी, अंगाखांद्यावर पिवळा भंडारा, घोंगड्यांचे ढीग, आणि पलीकडं जनावरांचा बाजार: घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारीचे बैल. आम्ही दर दोन-तीन वर्षांनी जातो. लहानपणी बैलगाडीतून जायचो, आता भावाच्या गाडीतून. घोड्यांच्या बाजारात माझे पाय नेहमी रेंगाळतात. घाम, ओला हरभरा, चामड्याला लावलेलं तेल, लीद, असा तो एकत्र वास नाकात गेला की मी सहा वर्षांची होते. या वेळी एका कडेला लग्नाच्या वरातीत नाचवायची घोडी घेऊन एक जण फेऱ्या मारून देत होता, शंभर रुपयांना एक. पोरंटोरंच बसत होती. भाचा बसला, उतरला, आणि मी एकदम म्हणाले, "मी बसते." भाऊ हसला. त्याच्या हसण्यानंच मी बसले खरं तर.

कारण भाऊ बसायचा. आमच्या घरी घोडी होती, टिकली तिचं नाव, कुमैत रंग आणि कपाळावर पांढरा टिळा. आजोबा तिच्यावरून मुखेडच्या बाजाराला जायचे. परत आले की वेशीपासून घरापर्यंत भावाला पुढ्यात घ्यायचे. तो चार वर्षांचा, मी सहा. मी टिकलीच्या बाजूनं पळत यायचे. मला कधी घेतलं नाही. पोरीच्या जातीनं घोडीवर बसायचं नसतं, एवढंच उत्तर होतं आणि ते सगळ्यांना पुरेसं वाटायचं. मलाही पुरेसं वाटायचं, हे आता जास्त लागतं.

घोडीवाल्यानं मला नीट सांगून बसवलं होतं, हे कबूल करायला पाहिजे. डाव्या अंगानं चढा म्हणाला. (तलवार डाव्या कमरेला असायची, उजवीकडून चढलं तर ती मध्ये यायची, म्हणून जगभर ही डावी बाजू पडली म्हणतात. तलवारी गेल्या, सवय राहिली.) रिकिबीत पाय अख्खा घालू नका, चवड्यापुरता ठेवा, टाच खाली दाबा. मला वाटलं, ही ऐटीत बसायची तऱ्हा असेल. पाच मिनिटांत तिचा अर्थ कळला. डाव्या मागच्या बाजूनं एक पांढरी प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं फरफटत आली. घोडीनं उडी मारली नाही, उधळली नाही, फक्त एक पाऊल उजवीकडं सरकली, पाण्याच्या थेंबासारखी. मी मात्र होते तिथंच राहिले, म्हणजे हवेत. पाय रिकिबीतून सुळकन सुटला. अख्खा अडकला असता तर फरफट झाली असती, आणि मग हा लेख दुसऱ्या कुणी लिहिला असता किंवा कुणीच नाही.

हात पुढं टेकवून पडलं की मनगटाच्या जरा वर हाड मोडतं. नांदेडला रात्री डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की या मोडण्याला कोलीजचं फ्रॅक्चर म्हणतात. कोलीज हा आयर्लंडचा डॉक्टर, त्यानं हे १८१४ मध्ये लिहून ठेवलं. एक्स-रे निघाला १८९५ मध्ये. म्हणजे त्यानं हे नुसत्या हातानं चाचपून ओळखलं होतं. डॉक्टर हे मला धीर देण्यासाठी सांगत होते आणि मला डोळ्यांसमोर घोडीवाल्याचे दोन तळवे दिसत होते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच, नुसतं हाड, शिरा नि कातडी. मुरगळलं, सुजलं, गरम झालं तर तळव्याला लगेच कळतं. आणि ते तळव्यानंच कळून घ्यावं लागतं, कारण घोडा सांगत नाही. तो शिकार होणाऱ्या जातीतला. कळपात जो लंगडतो त्याच्यावर वाघाची नजर जाते, म्हणून दुखणं लपवायचं हे त्याच्या रक्तात आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान किंचित वर उचलतो, तेवढीच चुगली. टापांचा ठेका चुकतो. म्हणून तो ऐकत होता.

डॉक्टरांना हातापेक्षा डोक्याची काळजी जास्त होती. उलटी झाली का? चक्कर? नजरेसमोर दोन-दोन दिसतं का? पडण्याच्या आधीचं सगळं आठवतं का? कोपर खरचटलं होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याच्या लिदीत, ती मिसळलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू हटकून असतात आणि गंमत म्हणजे घोड्याला स्वतःलाही तो रोग फार लवकर होतो. मग सीटी स्कॅन झालं, ते ठीक निघालं. तरी घरी सोडताना नवऱ्याला बजावलं: आज रात्री एकटं सोडू नका, मधूनमधून उठवा, धड उत्तरं देते का बघा. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, गुंगी आली, घोरायला लागली आणि उठवून उठेना, तर तडक घेऊन या.

घोरायला लागली.

मी खुर्चीवरून उठता उठता परत बसले. "घोरायला म्हणजे?"

डॉक्टर तरुण होते, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे. त्यांनी पेन माझ्या कानाच्या वर टेकवलं. इथं कवटी सगळ्यात पातळ असते, म्हणाले, आणि तिला आतून चिकटून एक रक्तवाहिनी जाते. मार इथं बसला, हाडाला तडा गेला आणि ती वाहिनी फाटली, तर रक्त कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये साठत जातं. सुरुवातीला माणूस एकदम बरा असतो. उठतो, चालतो, बोलतो, चहा पितो. काही तास असे छान जातात. तेवढ्यात आत दाब वाढत असतो. मग डोकं जड होतं, माणूस आडवा होतो, आणि लोकांना वाटतं गाढ झोप लागली.

आजोबा पडले ते १९७८ च्या पावसाळ्यानंतर, ज्वारी गुडघ्याएवढी असताना. मला त्यातलं जे आठवतं आणि जे नंतर इतक्या वेळा ऐकलं की आठवल्यासारखं वाटतं, त्यात आता फरक करता येत नाही. ते त्या दिवशी घोडीवर बसून आले नाहीत, लगाम हातात धरून चालत आले. धोतराला माती. मुंडासं हातात. कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ. "काही नाही, मोरीपाशी जराशी बुजली टिकली," म्हणाले. चहा घेतला. गुळाचा भाव सांगितला. भावाला आणलेल्या शेव-रेवड्यांतल्या चार मलाही दिल्या. रात्री अर्धी भाकरी खाऊन डोकं जड झालंय म्हणून बाजेवर आडवे झाले आणि घोरायला लागले. मोठमोठ्यानं. कुणीतरी म्हणालं, दमलेत, झोपू द्या. पहाटे कोंबड्याच्या वेळेला घोरणं थांबलं.

दिवस झाल्यावर गावातला एक जाणता म्हातारा येऊन टिकलीच्या भोवती फिरला. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. ते आईच्या पोटातच ठरतात, आपल्या डोक्यावरच्या भोवऱ्यासारखे. पण जुन्या माणसांकडं त्यांचं अख्खं पंचांग असतं: गळ्याशी असला तर देवमण, फार शुभ; चारी पाय आणि कपाळ पांढरं असलं तर पंचकल्याणी, मागाल ती किंमत. टिकलीच्या उजव्या डोळ्याखाली त्याला एक भोवरा सापडला. डोळ्याखाली भोवरा म्हणजे आसवं गाळणारा. घरात रडं आणणारी घोडी. आजोबांनी ती घेतली तेव्हा हे कुणाला कसं दिसलं नाही, असं कुणीच विचारलं नाही. मार्गशीर्षात तिला माळेगावला नेऊन विकली. इतकी वर्षं घरात हीच गोष्ट चालत आली: आजोबांना खोडीची घोडी लागली.

आजी त्यानंतर बरीच वर्षं होती. तिची एक सवय होती, जिची आम्ही भावंडं टिंगल करायचो. घरात कुणी घोरलं की ती उठवायची. वडील असोत, पाहुणा असो, दुपारी ओसरीवर कलंडलेला गडी असो. काठीनं ढोसायची आणि नाव विचारायची. "काय नाव रं तुजं?" बिचारा दचकून नाव सांगायचा आणि ती काही न बोलता परत जाऊन पडायची. आम्ही तिची नक्कल करून हसायचो. पाहुण्यांना अंथरूण घालताना आधीच सांगून ठेवायचो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये पेनचं टोक कानाच्या वर असताना मला काठी आठवली. कुणी शिकवलेलं नसताना तिला काहीतरी कळलं होतं, किंवा निदान कशाला घाबरायचं एवढं तरी. घोडीला ती कधीच दोष द्यायची नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. ते बाकीचे द्यायचे.

त्या रात्री नवऱ्यानं मोबाइलवर गजर लावून ठेवले. पहिल्यांदा उठवून माझं नाव विचारलं. दुसऱ्यांदा त्याला नाव विचारायची लाज वाटली असावी, म्हणून विचारलं, "गॅसचं सिलिंडर कधी लावलं?" मी तारीख सांगितली. ती बरोबर की चूक, हे त्याला माहीत नव्हतं, पण तो निश्चिंत होऊन झोपला. आणि घोरायला लागला. मी पहाटेपर्यंत ते ऐकत राहिले.

शाळेत गेले तर पाचवीच्या वर्गानं त्या दिवशीचा इतिहास गुंडाळायला लावला. पोरांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा बरे असतात. मोठ्यांनी एकच विचारलं होतं, "या वयात कशाला बसायला गेलात?" पोरांनी विचारलं, घोडीनं मुद्दाम पाडलं का? नाही रे. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या सरळ मागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून एखादी गोष्ट एकदम पुढं आली की ती आधी सरकते, मग विचार करते. घोडा उभ्यानं झोपतो हे खरं का? डुलकी घेतो, पायाचे सांधे अडकवून ठेवता येतात त्याला. पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवंच व्हावं लागतं, आणि भोवती भरवशाचं कुणी असल्याशिवाय तो आडवा होत नाही. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत गुरुद्वाऱ्याचे घोडे बघितलेली आमची नांदेडची पोरं, त्यांना हे ऐकून घोड्याची दया आली.

एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, घोड्याला उलटी होते का?" तिला वर्गात सगळे हसले. मला हसू आलं नाही. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठराचं तोंड इतकं घट्ट असतं की आत गेलेलं परत वर येतच नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतते. मला दवाखान्यात तोच प्रश्न तीनदा विचारला होता. घोडीला काय विचारणार? विचारायची सगळी दारं बंद, राहतात ते दोन तळवे.

आणि, "पुन्हा बसणार का?" हा प्रश्न पोरांनी विचारला, घोडीवाल्यानंही. त्याचा चौथ्या दिवशी फोन आला, भावाकडून नंबर घेऊन. पडलं की लगेच परत चढावं, नाहीतर भीती बसते, असं मी ऐकलं होतं, त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "हात-पाय खरचटले तर चढावं ताई. डोस्क्याला लागलं तर त्या दिवशी मी माझ्या लेकराला पन चढू देत न्हाई." डॉक्टरही हेच म्हणाले होते, जास्त अवघड शब्दांत. घोडीवाल्याला हेल्मेटचं विचारावं असं मनात आलं, पण शंभर रुपयांच्या फेरीत कुणाकुणाला टोपडी घालत बसणार तो. शिवाय हेल्मेटला एकदा जबर मार बसला की आतला थर्माकोलसारखा थर दबून जातो, वरून कितीही धड दिसलं तरी ते टाकून द्यावं लागतं. फोन ठेवताना त्यानं विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणाले, "काही ना..." आणि थांबले. "दुखतंय," म्हणाले. "रात्री जास्त." घोडी कशी आहे विचारायचं राहिलं. नंतर मीच उलटा फोन करून विचारलं.

प्लास्टर निघाल्यावर आईला भेटायला गावी गेले. आई आता अठ्ठ्याहत्तरची. तेव्हा ती घरातली धाकटी सून, टिकलीचं चंदीपाणी तिच्याकडं असायचं. आईला हे सांगावं की नाही, याचा मी एसटीत बसून विचार करत होते. सांगून कुणाचं भलं होणार होतं? त्या वेळी सीटी स्कॅन हा शब्दसुद्धा आमच्याकडं आला नव्हता. आजोबांना उठवलं असतं तरी मुखेडपर्यंत बैलगाडीनं नेऊन पुढं काय करणार होते, देव जाणे. आणि माझा डॉक्टर काही त्या बाजेपाशी नव्हता. त्यानं "तसं असू शकतं" एवढंच म्हटलं होतं. तरी मी सांगितलं. ओसरीवर तूर निवडत बसली होती ती. कानावरची जागा दाखवली, रक्त साठतं ते सांगितलं, घोरणं सांगितलं. तिचा हात सुपात थांबला नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हंजी भवऱ्याचं काई नव्हतं."

"नव्हतं."

"मग घोडी कामून इकली?"

मी काय बोलणार. ती सूप झटकत म्हणाली, "नेली त्या दिवशी मी रातीच हरबरे भिजू घातले व्हते तिचे. कुनी सांगितलंच न्हाई मला, सकाळी न्यायलेत म्हनून. अडीच शेर हरबरा. टाकावा कसा? मग त्याची उसळ केली घरात." खडा वेचून तिनं अंगणात फेकला. "कुनीच खाल्ली न्हाई."